कोरडं फडकं

पेठ नाक्यावर निवृत्ती डेर्लेचं गॅरेज कुठलं, असं कुणी विचारलं तर लोक एवढंच सांगायचे, की ज्याच्या दारातली जमीन काळी नाही ते. बाकीच्या गॅरेजांसमोर ऑइल सांडून सांडून मातीचं डांबर झालेलं. निवृत्तीच्या दारात मात्र त्याची बायको उज्वला सकाळी रांगोळीची दोन बोटं ओढायची आणि ती संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी राहायची. शेजारचा रियाज पंक्चरवाला म्हणायचा, हे गॅरेज आहे का दवाखाना, आत यायचं तर चप्पल काढावीशी वाटते. निवृत्ती हसायचा नाही. तो तसा फारसा हसणारा माणूसच नव्हता. लष्करातून आलेला, सकाळी दाढी केल्याशिवाय पाना हातात न धरणारा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातला.

मूळचा सायखेड्याचा. गोदावरीच्या काठावरचं घर, वडील सावळीराम शेती करायचे, आणि हा पोरगा लहानपणापासून विहिरीवरच्या इंजिनापाशी बसलेला. मॅट्रिक झाला आणि भरतीत उभा राहिला, तिथं त्याला मिस्तरीच्या कामाला घेतलं. आता सायखेड्याच्या पोराचा आणि बर्फाचा काय संबंध? ज्याने आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीवरच्या पेटीतला. पण नशिबात लिहिलेलं असलं की माणूस कुठंही जातो. त्याला पार वर धाडलं, जिथं बर्फावरून चालणाऱ्या स्कूटर असतात. चाकांऐवजी खाली रुंद पट्टा, पुढे दोन घसरपाट्या. रेशन त्याच्यावर, रॉकेल त्याच्यावर, आजारी जवान त्याच्यावर. गाडी अडली की माणूस अडला, आणि तिथं अडलेला माणूस फार वेळ टिकत नाही.

त्या गाडीला गिअर नसतात. इंजिनाच्या दांड्यावर एक जड पुली असते, तिला ड्राइव्ह क्लच म्हणतात. इंजिन जोरात फिरलं की ती मिटते, मधल्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी आवळते आणि गाडी ओढली जाते. सगळा कारभार पकडीवर. पट्टा झिजून त्याची काळी भुकटी आत साचते, म्हणून क्लच मधूनमधून उतरवून साफ करावाच लागतो. आणि तो उतरवणं म्हणजे गंमत नाही. मधला बोल्ट काढला म्हणून काही तो हातात येत नाही. दांड्याचं टोक निमुळतं, त्यावर तो असा रुतून बसलेला असतो की वाटावं, आता हे एकच लोखंड झालं. मग त्याच्या पोटात पुलर नावाचा लांब बोल्ट पिळत जायचा. हात दुखतात, खांदे दुखतात, काहीच होत नाही, आणि एकदम फटाका फुटल्यासारखा आवाज होऊन क्लच सुटतो. पहिल्यांदा निवृत्ती दचकून मागे बसला होता. शिकवणारा गढवाली उस्ताद म्हणाला, घाबरू नको, तो सुटला म्हणून ओरडला.

त्या उस्तादाने त्याला एकच मंत्र दिला. सूखा खोलो, सूखा पोंछो, सूखा लगाओ. क्लचच्या तोंडाला तेलाचं बोट लागलं की पट्टा घसरणार, आणि पट्टा घसरला की गाडी नुसती बोंबलणार, जागची हलणार नाही. निवृत्तीने ते असं मनावर घेतलं की पुढे तो जेवणाचं ताटही कोरडं पुसून घ्यायचा. उज्वला त्याला त्यावरून फार छळायची.

तिथून त्याने दोन गोष्टी घरी आणल्या. एक हा मंत्र आणि दुसरी उजव्या हाताची बधिर बोटं. हातमोजा घालून पुलर नीट धरता येईना, म्हणून एका दुपारी त्याने तो काढला आणि उघड्या हाताने गार लोखंड धरलं. काम झालं. बोटांची टोकं मात्र गेली, म्हणजे दिसायला जागेवरच, पण त्यांतला जीव गेला. कढत चहाचा पेला धरला तरी बोटांना पत्ता नसायचा. त्याने याचं कधी भांडवल केलं नाही. जिथं बोटं चालत नाहीत तिथं डोळे चालवायचे, अशी सवय लावून घेतली, आणि गिऱ्हाइकांपैकी कुणाच्या हे लक्षातही आलं नाही.

निवृत्त होऊन आला तेव्हा नाशिकमध्ये जिकडं तिकडं बिनगिअरच्या स्कूटर झालेल्या. उघडून पाहिली तर आत तोच प्रकार, बर्फावरच्या गाडीचं धाकटं भावंड. पुढे पुली, मागे क्लच, मध्ये पट्टा. बाकीचे मिस्तरी पुढच्या भागाला व्हेरिएटर म्हणायचे, निवृत्ती मरेपर्यंत ड्राइव्ह क्लचच म्हणणार. ते उतरवून साफ करणं हीच त्याची खासियत झाली. चढाला गाडी ओढत नाही, अशी तक्रार असलेला जो तो त्याच्याकडे यायचा. क्लच उतरवायचा, पेट्रोलने धुवायचा, वाळवायचा, आणि बसवताना शेवटचा हात कोरड्या फडक्याचा.

ते फडकं म्हणजे उज्वलाच्या जुन्या गडद निळ्या परकराचा तुकडा. धुऊन उन्हात वाळवलेला, दाराजवळच्या वेगळ्या खिळ्याला टांगलेला. बाकी चिंध्या खाली डब्यात. त्या खिळ्याला कुणी हात लावायचा नाही. रियाजने एकदा विसरून त्याला हात पुसले तर निवृत्ती त्याच्याशी कितीतरी दिवस बोलला नव्हता. शेवटी रियाजची बायको अमिना शीरखुर्मा घेऊन आली तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

सावळीराम गेल्यावर निवृत्तीने आईला सायखेड्याहून नाशिकला आणलं. कुसाबाई. वाळलेल्या शेंगेसारखी बाई, पण आवाज असा की नाक्यावरून हाक मारली तर मार्केट यार्डातला हमाल वळून बघेल. नाशिकमध्ये तिला करमेना. दिवसभर गॅरेजच्या दारात पोत्यावर बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायची. गिऱ्हाइकांना ती आवडायची. गाडी होईपर्यंत तिच्याजवळ बसलं की वेळ बरा जायचा.

तिच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. निवृत्तीच्या पाठची एक बहीण होती. चालायला लागलेली. कुसाबाई नदीवर धुणं आपटत होती, पोर मागे वाळूत खेळत होती, आणि एकदा वळून पाहिलं तर वाळू रिकामी. सगळ्या गावाने नदीला दोष दिला, धरणातून सोडलेल्या पाण्याला दोष दिला. कुसाबाईने कुणाला दिला नाही. माझी पाठ व्हती तिच्याकडं, एवढंच म्हणायची. त्यानंतर काठावर राहून ती बाई कधी नदीवर उतरली नाही, धुणं विहिरीवर नेलं. निवृत्ती लहान होता, पण आई रात्री झोपेत हात पुढे करून काहीतरी चाचपायची ते त्याने पाहिलेलं. ते तिचं म्हातारपणीही सुटलं नव्हतं.

आता सिस्टरबद्दल. वेदिका सिस्टर मखमलाबादला राहायची आणि पेठच्या बाजूला, घाट चढून गेल्यावर, एका उपकेंद्रात तिची नोकरी. रोज स्कूटरवरून जायची. तिकडून पुढे पाड्यांवर पायी, कुठं बाळंतीण, कुठं लसीकरण. तिची स्कूटर घाटात दम टाकायला लागली की ती निवृत्तीकडे आणायची. दुसऱ्या कुणाला तिने कधी हात लावू दिला नाही. काका, मला घाटात उभं राहायला लावू नका, एवढंच तिचं मागणं. मागून गुजरातकडचे ट्रक येतात, वळणावर थांबायला जागा नसते. आणि त्या निळ्या फडक्यावरून ती त्याची थट्टाही करायची. आमच्या उपकेंद्रातल्या पट्ट्यांपेक्षा तुमचं फडकं स्वच्छ, म्हणायची, एखाद दिवस मी तेच चोरून नेणार. तिच्या थट्टेला मात्र निवृत्ती हसायचा. मूलबाळ नव्हतं त्याला. मनातल्या मनात तो तिला लेकीच्या जागी धरायचा, बोलून कधी दाखवलं नाही.

दसऱ्याच्या आधी तिने गाडी आणून सोडली. सुट्टी होती, म्हणून निवांत करा म्हणाली, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर हवी. निवृत्तीने क्लच उतरवला, धुतला, सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडले. आणि मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी पान्याला पाना लागत नाही, हत्यारांना विश्रांती. सायखेड्याला कुसाबाई विळे, कोयते, नांगराचा फाळ सगळं धुऊन तेलाचा हात फिरवायची, मग हळदकुंकू. नाशिकला आल्यापासून तिने निवृत्तीच्या पाना-पकडींची पूजा आपल्याकडे घेतली होती. वर्षभर आपण काहीच करत नाही, हे तिला फार लागायचं, म्हणून हा एक दिवस तिचा. निवृत्ती तिला बजावून गेला होता, की वर्तमानपत्रावर जे मांडलंय त्याला हात लावू नको, ते सिस्टरचं आहे. तिने लावला नाही. म्हातारी शब्दाची पक्की. तिने त्या भागांवर दुसरा कागदसुद्धा पसरला, हळदीकुंकवाचा कण उडू नये म्हणून.

पान्यांना तेल लावायला तिने डब्यातली चिंधी उचलली. ती मळकी, ग्रीसने काळी. देवाच्या कामाला मळकी चिंधी कशी चालेल? तिने इकडंतिकडं पाहिलं. दाराजवळच्या खिळ्याला स्वच्छ फडकं दिसलं. समईतलं तेल त्यावर ओतून तिने एकूण एक पाना निगुतीने पुसला, पुलरसुद्धा. झालं तसं घडी घालून फडकं पुन्हा खिळ्याला. सांडलवंड नाही, पसारा नाही. सगळं शहाण्या बाईसारखं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नाक्यावरची वीज गेलेली. निवृत्तीने शटर अर्धं वर केलं आणि दारातल्या उजेडात सिस्टरचं काम उरकायला घेतलं. ती येऊन उभी राहायच्या आत गाडी तयार असावी, एवढंच डोक्यात. क्लचची दोन्ही तोंडं, पट्ट्याच्या दोन्ही कडा, नेहमीसारखं मन लावून त्याने कोरड्या फडक्याने पुसलं. जितकं मन लावून पुसलं तितकं तेल लागलं. निळ्या गडद कापडावर तेल दिसलं नाही, आणि त्याच्या बोटांना ते कळायची सोय नव्हती. ज्या हाताने त्याने बर्फातल्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्याच हाताने त्याने हे केलं. कुणाला दोष द्यायचा, सांगा.

नाक्याभोवती त्याने एक चक्कर मारून पाहिली. सपाट रस्ता, अंगावर ओझं नाही, गाडी बरी चालली. सिस्टर आली, आपट्याची पानं दिली, त्याच्या पाया पडली, कुसाबाईच्या पडली आणि गेली.

बातमी रियाजच्या मोबाइलवर आली. त्याचा कुणी ओळखीचा पेठहून भाजीची पिकअप घेऊन येत होता, त्याने पाहिलेलं. घाटाच्या मधल्या वळणावर स्कूटरचं इंजिन रडत होतं आणि गाडी पुढे जात नव्हती. मग ती मागे यायला लागली. सिस्टरने दोन्ही पाय टेकले, पण उतार तो. मागच्या गाडीवाल्याने ब्रेक दाबला, तरी तिला धक्का बसला. स्कूटर पायावर, आणि पाय खालच्या दगडावर. रियाजने हे सगळं एकदम सांगितलं नाही, थोडं थोडं सांगितलं. 

सिस्टर वाचली. पायाचा मात्र पार चुरा. सळई घातली, पट्ट्या घातल्या. डॉक्टरांनी सांगितलं की चालेल, पण डोंगर चढायचं विसरा. जिचं काम पाड्यापाड्यावर चालत जायचं, तिला हे सांगितलं.

गाडी टेम्पोतून गॅरेजला आली. निवृत्तीने बाजूचं झाकण उघडलं. पट्टा काचेसारखा चकचकीत झालेला. इंजिनाकडून ऑइल गळलं असेल म्हणून त्याने बॅटरी मारून पाहिलं, तिथं सगळं कोरडं. त्याने उज्वलाला हाक मारली आणि तिचं बोट धरून पुलीच्या तोंडावर टेकवलं. सांग काय लागतंय. तिने बोटं चोळली, नाकाशी नेली. म्हणाली, तेल आहे, पण गाडीचं नाही, आपल्या समईचं आहे. मग दोघांनी एकदमच दाराजवळच्या खिळ्याकडे पाहिलं. उज्वलाने फडकं काढलं, दोन बोटांत चोळलं आणि त्याच्यापुढे धरलं.

बाहेर पोत्यावर कुसाबाई कुणालातरी सांगत होती की सिस्टरच्या पायासाठी मी चंडिकेला नवस बोललेय.

उज्वलाचं म्हणणं स्पष्ट होतं. आईंना सांगा, लोकांनाही सांगा. तुम्ही काही मुद्दाम केलं नाही, त्यांनीही केलं नाही, मग तुमच्याच नावाला काळं का? तिचं काही चुकत नव्हतं. निवृत्तीने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढं म्हणाला, "एक ओझं वाहता वाहता तिचा जन्म गेला, उज्वला. जाता जाता दुसरं मी नाही देणार."  उज्वलाने ते फडकं चुलीत घातलं आणि जळेपर्यंत तिथंच बसून राहिली.

सिस्टरचा नवरा साई, अंबडला कंपनीत कामाला, तो आला. शांत माणूस, पण त्या दिवशी तो शांत राहायला आला नव्हता. भर नाक्यात त्याने विचारलं, काय झालं होतं गाडीला. पट्टा खराब निघाला, असं सांगता आलं असतं. कुणीही सांगितलं असतं, आणि कंपनीच्या नावाने बिल फाडून सगळे मोकळे झाले असते. निवृत्ती म्हणाला, क्लचला तेल लागलं होतं, माझ्या हातून. साई म्हणाला, कसं लागलं? निवृत्ती म्हणाला, लागलं. साईने त्याला नाही नाही ते ऐकवलं. हात उगारला, पण मारला नाही. रियाज मध्ये पडायला आला, त्यालाही निवृत्तीने डोळ्यांनीच मागे सारलं.

नाक्यावर अशा गोष्टी पसरायला कितीसा वेळ लागतो. डेर्लेने क्लचला तेल लावलं, सिस्टरचा पाय घालवला. फौजी म्हणे, फौजी. जे लोक कालपर्यंत त्याच्या कोरड्या हाताचं कौतुक करायचे, त्यांनीच ठरवून टाकलं की वय झालं, आता याच्याकडे गाडी टाकायची नाही. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडच्या गॅरेजला जायला लागली. निवृत्ती रोज शटर उघडायचा, दाढी केलेली असायची, आणि स्टुलावर बसून राहायचा. उज्वला रांगोळी काढायची थांबली. काढायची कुणासाठी, असं तिला वाटलं असावं.

कुसाबाईचं काय होईल, हे मात्र निवृत्तीने हिशेबात धरलंच नव्हतं. त्याने आईला दुःखापासून वाचवलं होतं, लाजेपासून नाही. तिने लोकांचं सगळं ऐकलं, साईचा आरडाओरडाही ऐकला होता. आणि ती पोरावर उखडली. अशी उखडली की काही विचारू नका. जेवताना तोंड फिरवून बसायची. तुझ्या बापाने उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं नाही, आणि तू लष्करातून येऊन दुसऱ्याच्या लेकीचा पाय घालवलास? एवढी कसली घाई होती तुला? एकदा तर म्हणाली, हयगयीनं माणूस मरतं, हे मला ठाऊक हाय, तुला कसं नाय कळलं? निवृत्ती ताटातली भाकरी मोडत राहिला. उज्वला तोंड उघडायला गेली, त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने मिटलं.

मग म्हातारीने टुमणं लावलं, की मला त्या पोरीकडे ने. तुझ्या वतीनं मी माफी मागते, तुला तर तोंड नाय. निवृत्तीने टाळलं, पुन्हा टाळलं. त्याला भीती एकच, की तिथं गोष्टीतून गोष्ट निघेल. पण कुसाबाईपुढे कुणाचं चाललंय? एका दुपारी ती लुगडं नेसून, ओटीचा नारळ घेऊन, स्वतःच रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवायला लागली. मग निवृत्तीला जावंच लागलं.

वेदिका सिस्टर पलंगावर, पाय उशीवर, शेजारी वॉकर. साईने दार उघडलं, निवृत्तीला पाहून त्याचा चेहरा आक्रसला, पण म्हातारी पुढे होती म्हणून तो बाजूला झाला. कुसाबाई सरळ पलंगापाशी गेली. तिने सिस्टरच्या पायाला हात लावला नाही, पायाच्या वरून हवेतच हात फिरवला. मग खाली जमिनीवर बसली आणि रडायला लागली. सिस्टर म्हणत राहिली, आजी, वर बसा, आजी. निवृत्ती दारातच उभा होता.

"माझा पोरगा असा नव्हता, बाई," कुसाबाई म्हणाली. "मी त्याची हत्यारं जिवापाड जपते. यंदा नवमीला माझी चिंधी मळकी व्हती, म्हणून दाराजवळचं ते निळं चांगलं फडकं घेतलं. समईचं तेल लावून एकूण एक पाना पुसला, घडी घालून जागच्या जागी ठेवलं. म्हातारीचा हात असून कुठं डाग नाय पाडला. आणि याला एवढा एक क्लच नीट पुसता येऊ नये?"

 सिस्टरने निवृत्तीकडे पाहिलं. तिला ते निळं फडकं चांगलं माहीत होतं, कितीदा तिने त्याची थट्टा केलेली. निवृत्तीने हात जोडले नाहीत, काही नाही. फक्त मान थोडी हलवली, नको म्हणून. त्याच्या डोळ्यांत इतकी भीती तिने कधी पाहिली नव्हती.

साईला कळायला जरा वेळ लागला. कळलं तसा तो पुढे झाला. "म्हणजे आजी, ते फडकं तुम्हीच..."

"साई," सिस्टर म्हणाली, "आजींना पाणी आण."

तो थांबला. बायकोच्या तोंडाकडे त्याने पाहिलं, मग दारातल्या माणसाकडे, ज्याच्यावर त्याने चारचौघांत हात उगारला होता. आणि तो आत पाणी आणायला गेला. बराच वेळ आतून आलाच नाही.

सिस्टर रडत होती. इतके दिवस तिने स्वतःला एका रागावर उभं ठेवलं होतं. पाय ठणकला की ती मनात काकांना बोलायची, आणि तेवढ्यापुरता ठणका कमी व्हायचा. आता तो रागही हातातून गेला. समोर एक म्हातारी होती, जिने देवासाठी स्वच्छ फडकं शोधलं, आणि दारात एक माणूस, जो तेवढं झाकण्यासाठी सगळ्या नाक्याच्या शिव्या खात होता. पाय मात्र तसाच, सळई घातलेला. तिला सगळ्यांचंच वाईट वाटलं, आणि स्वतःचं सगळ्यांत जास्त.

तिने कुसाबाईचा हात हातात घेतला. "आजी, होतं माणसाच्या हातून. मी त्यांना माफ केलंय."

कुसाबाईने नारळाने तिची ओटी भरली, कडाकडा बोटं मोडली, पोरगी गुणाची गं, म्हणाली. चहा घेतला नाही. ज्याच्या हातून वाईट झालं त्याने त्या घरचा चहा घ्यायचा नसतो, असं तिचं म्हणणं. निवृत्तीलाही घेऊ दिला नाही.

परतीच्या रिक्षात ती पदर सावरून बाहेर बघत बसली. मखमलाबादच्या द्राक्षबागा गेल्या, वस्ती दाट झाली. निवृत्तीला वाटलं, वाचलो. आईला कळलं नाही. एवढ्यासाठीच तर सगळं होतं. त्याने बऱ्याच दिवसांनी पाठ सीटला टेकली.

"पोरगी देवमाणूस हाय," कुसाबाई म्हणाली. "तिनं तुला माफ केलं."

"हो, आई."

"मी नाय करायची. मरंपर्यंत नाय करायची."

निवृत्तीने बाहेर पाहिलं. मग म्हणाला, "नको करूस."

कुसाबाई सीटवर त्याच्यापासून थोडी बाजूला सरकली.